तीन रेघांचा पाना

अक्कलकोट रोड, सोलापूर
शुक्रवार, दुपार

प्रिय अभ्या,

पत्र बघून दचकू नकोस. अव्वा बरी आहे. तिचं गुडघ्याला तेल लावणं आणि शेजारणीशी भांडणं दोन्ही वेळेवर चालू आहे. तुला फोन करायचा म्हणून चार दिवस हातात घेतला आणि परत ठेवला. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'आक्का, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, आधी तापावं लागतं. तुझी बहीण जुन्या डिझेल गाडीसारखी आहे, हे तूच एकदा म्हणाला होतास. म्हणून जॉबकार्डांचे पाठकोरे कागद घेऊन बसले आहे. कुठे ऑइलचा डाग दिसला तर नाक मुरडू नकोस, त्याच डागांत वाढला आहेस तू.

आधी बातमी सांगून टाकते. गणपतीत तू पुण्याच्या वर्कशॉपमध्ये ज्या माणसाची लेखी तक्रार केलीस, त्याला त्यांनी कामावरून काढलं. येडू नाव त्याचं. पंचावन्नच्या पुढचा असेल. मंगळवारी मी तिथे फोन केला, तेव्हा काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, 'मॅडम, त्यांच्यावर ॲक्शन घेतली आहे, आता तुमचं समाधान झालं ना?' माझं समाधान कसलं होतंय, अंगाची लाही झाली. खोदून विचारल्यावर कळलं की तक्रार करणाऱ्याने ती या महिनाअखेरपर्यंत लेखी मागे घेतली, तरच त्याला परत घेतील. तक्रार करणारा तू. तेव्हा मला राग आला आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पण तो नेमका कोणाकोणावर आहे ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल. आधी माझ्या गिऱ्हाइकांबद्दल ऐक. 'आक्काचं पुराण सुरू झालं' असं म्हण हवं तर, पण या वेळी शेवटपर्यंत वाच.

अप्पा गेल्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी एकटी गॅरेज चालवते आहे, त्याआधी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. पाटीवर अजून 'बसलिंगप्पा मोटार गॅरेज' आहे, ती मी बदलणार नाही. पण त्या पाटीमुळे होतं काय, की येणारा प्रत्येक जण आत येऊन बसलिंगप्पांना शोधतो. मी कोपरापर्यंत काळी झालेली असते, अर्धी इंजिनात वाकलेली असते, हातात पाना असतो, आणि साहेब माझ्या डोक्यावरून आत बघत विचारतात, 'मेस्तरी कुठं गेलेत?' परवा एकाने तर मला चहा सांगितला. दोन कट, एक बिनसाखरेचा. मी पलीकडच्या टपरीवरून केराबाईला हाक मारून चहा मागवला, त्याच्या हातात दिला, आणि त्याच हाताने त्याच्या गाडीचे ब्रेक उघडले. त्याचा चहा तोंडातच राहिला. नंतर म्हणाला, 'नीट येतं ना तुम्हाला?' चहा पाजलेल्या माणसाच्या तोंडावर काही फेकता येत नाही, ही आपल्या गावची मोठी अडचण आहे.

बरं, बाईमाणूस म्हणून असं बोलतात म्हणावं, तर तेवढंच नाही. अप्पांनाही हे असंच ऐकावं लागायचं, फक्त ते मनावर घेत नसत आणि मी घेते. गाडी बिघडली की माणसाला लाज वाटते. रस्त्यात चारचौघांत थांबावं लागतं, बायकापोरं उन्हात उभी राहतात, मागचे हॉर्न वाजवतात. ती सगळी लाज तो गॅरेजच्या दारात आणून ओततो. वड्याचं तेल वांग्यावर. वर्षभर ऑइल बघायचं नाही, दिवा लागला तरी 'जातेय की अजून' म्हणत पळवायची, आणि इंजिन धरलं की आम्ही लुटारू. एक जण मोबाइलवर व्हिडिओ लावून माझ्या शेजारी उभा राहतो आणि त्यातला माणूस काय करतो ते मला सांगतो. डॉक्टरकडे जाऊन कुणी असं करतं का? डॉक्टरसमोर सगळे जीभ बाहेर काढून गप्प बसतात. आमच्यासमोर मात्र तीच जीभ मोकळी सुटते.

सगळे तसे नाहीत, हेही खरं. वळसंगचा धोंडीराम आठवतो ना, तुला लहानपणी टेम्पोच्या टपावर बसवायचा तो. अजून तोच टेम्पो घेऊन येतो. आला की आधी चपला काढतो. मी किती वेळा सांगितलं, अहो खाली खिळे असतात, पायात राहू द्या. तर म्हणतो, 'आक्का, हितं आप्पाचा हात फिरलाय, ऱ्हाऊ दे की.' मग उंबऱ्याशी बसतो आणि म्हणतो, 'तुमीच बघा, मला काय कळतंय.' त्याला सगळं कळतं. टेम्पोचा आवाज कुठल्या बाजूने येतो ते तो डोळे मिटून सांगतो. पण सांगायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे त्याला कळतं, आणि हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. अशा एका माणसावर मी दहा उर्मट माणसं सहन करते.

आता ती भिंत आठव. आत शिरल्यावर डाव्या हाताला अप्पांची पान्यांची भिंत, प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, ज्याची आकृती त्यानेच तिथे टांगायचं. आणि प्रत्येक पान्यावर अप्पांनी स्वतः कानशीने मारलेल्या तीन आडव्या रेघा. कपाळावर विभूती लावतो तशा. लोक हसायचे, म्हणायचे बसलिंगप्पा पान्यालाही लिंगायत करतो. अप्पा म्हणायचे, माझ्या कपाळावरची घामाने पुसली जाते, ही पुसली जात नाही. आणि नियम एकच. कुठल्याही गाडीचं बॉनेट लावण्याआधी भिंत बघायची. सगळ्या आकृत्या भरलेल्या असतील तर लावायचं, एक जरी रिकामी असली तरी गाडी हलवायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो. ते मोजायचं काम तुझं होतं. शाळेतून आलास की दप्तर टाकून भिंतीसमोर उभा राहायचास आणि अव्वाच्या कानडीत मोजायचास, ओंदू, एरडू, मूरू. तेवीसला नेहमी अडायचास. टायरवर फळी टाकून केलेल्या टेबलावर तू दहावीचा अभ्यास केलास, बारावीचा केलास, आणि मधेच मान वर करून ओरडायचास, 'अप्पा, चौदाचा नाहीये.' एकदाही चुकला नाहीस. इंजिनिअर तू कॉलेजात झालास असं तुला वाटतं, पण मला विचारशील तर तू त्या भिंतीसमोरच झालास.

गणपतीत तू गाडी घेऊन आलास, मला पुण्याला न्यायला. आरोहीच्या घरचा गणपती, तिच्या आईवडिलांची भेट, मग दिवाळीनंतर साखरपुडा. मला किती आनंद झाला होता ते तुला सांगून कळणार नाही. शुक्रवारी सकाळी तू झोपलेला असताना मी तुझी गाडी गॅरेजला नेली. कशाला, तर सवय. माझ्या दारात गाडी उभी आहे आणि मी बॉनेट उघडलं नाही, असं होत नाही. आठच दिवसांपूर्वी पुण्यात सर्व्हिसिंग केलेली म्हणून तू कौतुकाने सांगत होतास, आणि बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर तसाच. मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, काचेची केबिन बांधली म्हणजे काम येतं असं नाही. दहा नंबरचा पाना घेतला, टोकं सैल केली, घासून स्वच्छ केली. परत आवळत होते, तेवढ्यात फाटकाशी हॉर्न सुरू झाला. एकदा नाही, हात दाबूनच धरला होता.

उदयसिंह नावाचे गृहस्थ. मोठी पांढरी गाडी, पुढच्या काचेवर अर्धा देव आणि अर्धा पक्ष. आठवड्यापूर्वी आले होते, क्लच घसरत होता. मी सांगितलं होतं, प्लेट संपली आहे, बदलावी लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. ते म्हणाले, वेळ नाही, नुसतं आवळून द्या. मी कार्डावर तसं लिहून त्यांची सही घेतली, अप्पांची पद्धत. आणि काय व्हायचं तेच झालं. सगळं घर घेऊन तुळजापूरला निघाले आणि घाटात गाडी बसली, ती दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती. आता ते माझ्या दारात उभे राहून सगळ्या अक्कलकोट रोडला ऐकू जाईल असं ओरडत होते. आधी मालकाला बोलवा. मीच मालक. मग मेस्त्रीला बोलवा. मीच मेस्त्री. मग म्हणाले, 'बाईच्या हातात गाडी दिली हीच माझी चूक. तुमची लायकी शिलाई मशिनला तेल घालायची.' मी कार्ड आणून दाखवलं. त्यांनी स्वतःची सही बघितली आणि कार्ड फाडून माझ्या पायाशी टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मी काही अप्पा नाही. मीही बोलले. म्हटलं, तुमच्या गाडीचा क्लच गेलाय तो बदलता येतो, तुमच्या जिभेचा गेलाय त्याला आमच्याकडे पार्ट मिळत नाही. केराबाई किटली घेऊन येऊन उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, 'ओ दादा, आक्काला लायकी शिकवू नगा, तुमच्यासारखे छप्पन बघितल्यात तिनं.' अर्धा तास चाललं हे. ते गेले. जाताना बघून घेतो म्हणाले, ते सगळेच म्हणतात. पण अभ्या, मी जिंकले होते आणि तरी रडू येत होतं, त्याचाच जास्त राग आला. तशीच आत आले आणि तुझ्या गाडीचं बॉनेट आदळून लावलं. घरी येऊन बॅग भरली. तू उठला होतास, म्हणालास, 'आक्का, नखं जरा नीट घासून घे हां.' मी कपड्याची पावडर आणि साखर घेऊन नखं घासत बसले, लाल होईपर्यंत. तुझ्यावर रागावले नाही तेव्हा. म्हटलं, खरंच आहे, नव्या माणसांकडे जायचं आहे.

शनिवारी निघालो. टेंभुर्णीच्या पुढे खडखड सुरू झाली, आठवतं ना. खड्डा आला की खालून काहीतरी आपटायचं. मी म्हटलं, थांब, बघते. तू म्हणालास, इरकल नेसली आहेस, कुठे वाकतेस, पुण्यात जिथे सर्व्हिसिंग केलं तिथेच दाखवू, त्यांनीच काहीतरी सैल सोडलंय. मला ते पटलं. त्यांनीच सोडलं असणार, बॅटरीची टोकं नाही का घासली नव्हती. आपल्या हाताबद्दल माणसाला किती खात्री असते बघ. मी दीडशे किलोमीटर तो आवाज ऐकला, अठरा वर्षांचा कान घेऊन ऐकला, आणि एकदाही मला वेगळी शंका आली नाही.

रविवारी आरोहीच्या वडिलांना, यज्ञेश्वरकाकांना घेऊन आपण जेवायला बाहेर निघालो. तू त्यांना गाडीत सांगत होतास, आक्का सोलापूरला फॅमिली बिझनेस बघते, ऑटोमोबाइलमध्ये. त्यांनी कौतुकाने विचारलं, डीलरशिप आहे का? तू हसून म्हणालास, तसंच काहीतरी. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघितलं. मी तेव्हाही काही बोलले नाही, हे लिहून ठेवते, कारण त्या दिवशी मी किती वेळा गप्प बसले त्याचा हिशेब मला स्वतःलाच द्यायचा आहे. मग खडखड वाढली आणि तू चिडून गाडी त्या वर्कशॉपला घातलीस.

तिथे काय झालं ते तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तू काचेच्या केबिनसमोर उभा राहून ओरडत होतास. येडूमामांनी गाडी वर घेतली, खालचं प्लास्टिकचं कव्हर सोडलं, आणि त्यातून एक पाना बाहेर आला. दहा नंबरचा. त्यांनी तो हातात धरला आणि तू मोबाइल काढून फोटो घेतलास, पुरावा म्हणून. मग सुरू झालास. 'इंजिनात पाने विसरता? कुणाचा जीव गेला असता म्हणजे? अडाणी माणसं भरून ठेवलीत. तुम्हा लोकांची लायकी सायकलचं पंक्चर काढायची.' लायकी, अभ्या. दोन दिवसांपूर्वी माझ्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचाच शब्द, तोच हात कमरेवर, मान तशीच वाकडी. फरक इतकाच की तो परका होता. यज्ञेश्वरकाका म्हणाले, जाऊ द्या हो. तू जाऊ दिलं नाहीस. तुला त्यांच्यासमोर दाखवायचं होतं की तू कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाहीस. आणि समोर तो माणूस मान खाली घालून म्हणत होता, 'साहेब, चुकी माझीच झाली.'

चूक त्याची नव्हती. पाना माझा होता. त्याच्यावर तीन रेघा होत्या.

मला तो दहा पावलांवरून ओळखू आला. माझा हात आपोआप पुढे गेला, आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात दिसलं की जातो तसा. येडूमामांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. नखं घासून लाल केली होती, पण मनगटावरचा सायलेन्सरने भाजल्याचा डाग साखरेने जात नाही. तू मॅनेजरला हाका मारत होतास तेव्हा त्यांनी खिशातलं फडकं काढलं, पाना पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आम्ही लोक एकमेकांना पाना देतो तसा, पुसून, टाकून नव्हे. मी मूठ मिटली आणि तो पर्समध्ये टाकला.  उदयसिंहांना अक्कलकोट रोडवर गप्प करणारी तुझी आक्का, माझ्या चुकीसाठी दुसरा मेस्त्री शिव्या खात होता तेव्हा इरकल सावरत उभी राहिली. तुझ्या सासऱ्यांसमोर तुझी मान खाली जाईल, ठरत आलेलं लग्न माझ्या एका पान्यामुळे मोडेल, असं काय काय डोक्यात आलं. ते सगळं खरं असलं तरी ती सबब आहे. मी घाबरले. मला त्या दिवशी डीलरशिपवालीच राहायचं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

सोलापूरला आले आणि आधी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. दहा नंबरची आकृती रिकामी. शुक्रवारी बॉनेट लावण्याआधी मान वळवून बघितलं असतं, तर कळलं असतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं नाही, कारण एका उद्धट माणसाने माझं डोकं फिरवलं होतं. त्याचा उद्धटपणा मी तुझ्या गाडीत विसरले, तो तू पुण्याला नेलास, आणि तिथे एका तिसऱ्याच माणसाच्या अंगावर रिकामा केलास. उदयसिंहांना याची खबरही नाही. ते कुठेतरी दुसऱ्या गॅरेजवर हॉर्न वाजवत असतील.

मग मंगळवारचा तो फोन, पाना माझा होता हे सांगायला केलेला. त्या मुलीला विनवून मी येडूमामांचा नंबर घेतला. मला वाटलं होतं शिव्या देतील, मी तयारीत होते. त्या रविवारची इरकलवाली मी, असं म्हटल्यावर त्यांनी ओळखलं आणि विचारलं, 'लगीन ठरलं का, ताई?' बार्शीकडचे आहेत, काकांना बघूनच त्यांनी सोयरीक ताडली होती. मी रडत रडत सगळं कबूल केलं, तर म्हणाले, 'पाना आमच्यातला न्हाय, हे मला बघताच कळलं की. आमच्या हितल्या पान्यांवर नंबर असत्यात. तुमी हात पुढं केला, तवा वळखलं. पावण्यांपुढं बाईमाणसाची कशाला शोभा, म्हणलं. शिव्या काय, रोजच्याच हायेत. नोकरी जाईल असं वाटलं न्हवतं.' एवढंच म्हणाले, आणि वर मलाच म्हणाले, 'तुमी जिवाला लावून घेऊ नगा.' अभ्या, त्या माणसाने मला पाच मिनिटं बघितलं होतं, आणि माझी लाज राखायला तो पुढे आला. तू मला एकोणतीस वर्षं बघतो आहेस.

मी त्या वर्कशॉपच्या मॅनेजरला खरं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, तक्रार तुमच्या नावावर नाही, फोटोही तुमचा नाही, ज्यांची तक्रार आहे त्यांनी लिहून द्यावं. म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन थांबलं. तो फोटो तुझ्या मोबाइलमध्ये असेल. उघड आणि मोठा करून बघ. रेघा स्पष्ट दिसतील. लहानपणी ज्या पान्यांवर बोट फिरवत तू मोजायला शिकलास, त्यातला एक तुझ्यासमोर एका हाताच्या अंतरावर होता, तू त्याचा फोटो काढलास. तेव्हा ओळखला होतास का, हे मी विचारणार नाही. ओळखला नव्हतास, असंच मी धरून चालले आहे, कारण मला तुझी बहीण म्हणून अजून पुष्कळ वर्षं काढायची आहेत. पण हे वाचल्यावर तुला माहीत नाही असं म्हणता येणार नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिलं. पुढच्या शनिवारी पहाटेच्या एसटीने मी पुण्याला येते आहे. स्वारगेटवरून सरळ वर्कशॉपला जाईन, येडूमामांनाही तिथे बोलावलं आहे. सगळ्यांसमोर त्यांची माफी मागणार आहे. तू अकरा वाजता तिथे ये, तक्रार मागे घेतो म्हणून लिहून दे, आणि ज्या आवाजात त्यांना बोललास त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चुकलो म्हण. यज्ञेश्वरकाकांना बरोबर आण. त्यांना सांग की डीलरशिप नाही, माझी बहीण गॅरेजमध्ये मेस्त्री आहे आणि पाना तिचा होता. त्यावर त्यांनी लग्न मोडलं, तर ते माझ्यामुळे मोडलं असं आयुष्यभर म्हण, मी ऐकून घेईन. नाही आलास तरी साखरपुड्याला मी येईन, इरकल नेसून येईन, तुला ओवाळीन. फक्त नखं घासणार नाही. खंडेनवमीला भिंतीवरची सगळी हत्यारं पूजेला मांडायची आहेत. दहाचा पाना अजून माझ्या पर्समध्येच आहे, तो मी भिंतीवर टांगलेला नाही. शनिवारी काम झालं की तू माझ्याबरोबर सोलापूरला चल, तो तुझ्या हाताने जागेवर लाव, आणि एकदा समोर उभा राहून मोज.

तुझीच,
आक्का
(भुवनेश्वरी बसलिंगप्पा, मेस्त्री)